काकू ओरडत नव्हत्या

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चांगलंच वाजलं. मिहानच्या अंगाला, खापरीकडे राहणाऱ्या आम्ही वीसेक जणी. काहींची शेती प्रकल्पात गेली, त्या इथल्याच. काही मिहानमधल्या नोकरीमुळे फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या. आमच्या कोषाध्यक्ष काकूंनी पापडाच्या ऑर्डरीचा निरोप टाकला. मराठीच, पण इंग्रजी मोठ्या अक्षरांत, अख्ख्या निरोपात एकही टिंब नाही. लगेच एका सूनबाईंचं उत्तर आलं, "काकू, कॅपिटलमध्ये लिहिणं म्हणजे ओरडणं. जरा मॅनर्स पाळा." त्यावर चार अंगठे उमटले. खरं सांगते, त्यातला एक माझा होता.

दोन दिवसांनी काकू ग्रुप सोडून गेल्या. कर्जाच्या कागदांवर सह्या करायची तारीख नेमकी ग्रुपवरच आली. काकूंना ती कळली नाही आणि सगळ्यांचंच काम आठवडाभर अडलं. घरी गेले तर म्हणाल्या, "मी कुठी ओरडली वो बाई? नातवानं फोन जसा देल्ला तशीच लिहितो मी." मोठ्या अक्षरांचं बटण दाबलेलंच राहिलं होतं!

सूनबाईंचं म्हणणं खोटं नाही. इंटरनेटवर कसं लिहावं याची एक नियमावली 1995 सालीच निघाली. मोठी अक्षरं ओरडल्यासारखी वाटतात, हे तिच्यात आहेच. पण आपण पाठवताना काटेकोर राहावं आणि दुसऱ्याचं आलेलं उदारपणे घ्यावं, असंही तिच्यात सांगितलंय. एकाच व्यक्तीशी मतभेद झाला तर सगळ्यांपुढे न वाढवता तिच्याशी वेगळं बोलावं, हेही आहे. हे अर्धं कुणाला आठवत नाही. शिवाय आपल्या देवनागरीत मोठी-लहान अक्षरं असतात कुठे? काकू मराठीत लिहित्या, तर हा आरोप झालाच नसता.

पत्रांच्या काळात आपल्याकडेही मायना होता. मोठ्यांना तीर्थरूप, धाकट्यांना चिरंजीव, बाकीच्यांना सा. न. वि. वि. तो चुकला म्हणून माहेरचं पत्र कुणी परत धाडल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आणि ज्यावर खरंच रागवावं, त्यावर आमच्या ग्रुपात सगळ्या गप्प असतात. कुणाचं मूल पळवल्याचा, कुठल्या गोळीनं कॅन्सर बरा होतो असा मजकूर आला की न वाचता पुढे ढकलायचा. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवणारे समजून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. अशा अफवा मोबाइलवरूनच फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. तसला निरोप टाकणारीला आमच्यापैकी कुणी मॅनर्स शिकवल्याचं आठवत नाही. ती अक्षरं नीटनेटकी असतात ना!

तारीख-वेळ पहिल्या ओळीत लिहा, उत्तर देताना कशाचं ते दिसू द्या, एवढं मी ग्रुपवर टाकलं. माझा अंगठाही काढून घेतला. सूनबाई स्वतः काकूंकडे जाऊन फोनवर मराठी कीबोर्ड लावून आल्या, चहाही झाला. काकू मात्र ग्रुपवर परत यायला अजून तयार नाहीत. पुढच्या बैठकीची तारीख सांगायला मीच त्यांच्या घरी जाणार आहे.