डिग्री झाली ना? मंग आता कायचा फॉर्म?

फॅमिली ग्रुपवर काळ्या गाऊनमधला फोटो येऊन पडतो. त्याखाली पन्नास अंगठे, वीस केक आणि एखाद्या काकांचं ‘घराण्याचं नाव काढलंस’! आपण सगळे समजतो, चला, पोट्टा सेट झाला. बॉस, घोळ इथंच आहे. परदेशात शिकणाऱ्याचा खरा पेपर गाऊन परत केल्यावर सुरू होतो. शिकायचा व्हिसा म्हणजे शिकायचाच व्हिसा. पोटापाण्याचं काम करायचं असेल तर वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळं कार्ड.

आमच्या अकोल्याच्या आत्याला हे पटायला तीन फोन लागले. ‘डिग्री झाली ना बाबू? मंग आता कायचा फॉर्म भरून रायला तू?’ असं ती आतेभावाला विचारायची. तो अमेरिकेत एमएस करून बसलेला. इकडे जठारपेठेत पेढे वाटून झाले होते आणि तिकडे हा पठ्ठ्या कॅलेंडरवर गोल मारत होता.

त्या गोलांचा हिशोब ऐका, कारण तो कुणीच नीट सांगत नाही. अमेरिकेत शिक्षणानंतर बारा महिने काम करता येतं, त्याला म्हणतात ओपीटी. समजा कोर्स १० मे रोजी संपतो. अर्ज त्याआधी ९० दिवस म्हणजे ९ फेब्रुवारीपासून करता येतो आणि नंतर ६० दिवस म्हणजे ९ जुलैपर्यंत तो पोचलाच पाहिजे. त्याच्या पोटात आणखी एक अट आहे. युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसने सिस्टिममध्ये शिफारस टाकली की तिथून ३० दिवसांच्या आत अर्ज गेला पाहिजे. शिफारस झाली म्हणजे काम झालं, असं समजून निवांत बसणाऱ्यांचा तिथेच गेम होतो. एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन अर्जाची फी ४७० डॉलर झाली. एवढं भरून कार्ड कधी येईल, हे मात्र विचारायचं नाही! आणि कार्ड हातात येऊन त्यावरची तारीख उजाडेपर्यंत एक तासही काम करायचं नाही, मग कंपनी कितीही घाई करू दे.

आता यातला सगळ्यात भारी भाग. काम सुरू करायची तारीख तुम्हीच निवडायची, ११ मे ते ९ जुलै यांच्या मधली कुठलीही. सोपं वाटतं ना? पण त्याच तारखेपासून बेकारीचं घड्याळ सुरू होतं. एकूण ९० दिवस. तेवढ्या दिवसांत विषयाशी संबंधित, आठवड्याला किमान वीस तासांचं काम मिळालं नाही तर तिथं राहायचा हक्कच संपतो. ११ मे निवडली तर ८ ऑगस्टला नव्वद दिवस भरतात. ९ जुलै निवडली तर ६ ऑक्टोबरपर्यंत श्वास घेता येतो, पण मे महिन्यात ऑफर आली तर जुलैपर्यंत हात बांधून बसायचं. म्हणजे फेब्रुवारीत, नोकरीचा पत्ता नसताना, मुलाने ठरवायचं की आपल्याला नोकरी कधी मिळणार! ज्योतिषी परवडला.

आतेभावाने जुलै निवडला. ‘लेका, दोन महिने घरी बसून काय करशीन?’ असं मामांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, ‘मामा, नोकरी शोधणं हीच नोकरी आहे.’ मला त्याचं बरोबर वाटतं. हातात पक्की ऑफर नसेल तर उशिराची तारीख घ्यावी, हे माझं स्पष्ट मत.

पुढचं थोडक्यात. सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांना आणखी २४ महिने मिळतात. २००८ मध्ये ही वाढ १७ महिन्यांची होती, २०१६ मध्ये ती २४ झाली. त्यासाठी कंपनी ई-व्हेरिफाय नावाच्या सरकारी यंत्रणेत नोंदलेली हवी, पगारी काम हवं आणि ट्रेनिंगचा आराखडा सहीनिशी हवा. त्यानंतर एच-वन-बी ची लॉटरी, वर्षाला ६५ हजार अधिक अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी २० हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली, तेव्हा बडनेऱ्यापासून शेगावपर्यंत प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर रात्रभर टिकटिक चालू होती. ऑक्टोबरमध्ये खुलासा आला की तिथेच राहून विद्यार्थी व्हिसावरून बदल करून घेणाऱ्यांना ती लागू नाही. त्या मधल्या महिन्यात किती आयांची झोप उडाली असेल, त्याची कुठे नोंद नाही.

कॅनडाचं गणित निराळं. तिथे कोर्स पूर्ण झाल्याचं पत्र किंवा मार्कशीट मिळाल्यापासून १८० दिवस मिळतात. पदवीदान समारंभापासून नाही! फोटो काढायचा म्हणून समारंभापर्यंत थांबणारे महाभाग असतात. स्टडी परमिट मात्र कोर्स संपल्यावर ९० दिवसांत संपतं, त्यामुळे ते जिवंत असताना अर्ज टाकला तर निकाल येईपर्यंत काम करता येतं. फेब्रुवारी २०२४ पासून मास्टर्सवाल्यांना, कोर्स दोन वर्षांहून लहान असला तरी, तीन वर्षांचं परमिट मिळू लागलं, ही चांगली बातमी. नोव्हेंबर २०२४ पासून इंग्रजीची परीक्षा सक्तीची झाली, ही दुसरी बातमी. म्हणजे दोन वर्षं इंग्रजीत थिसिस लिहा आणि मग सिद्ध करा की इंग्रजी येतं. आयएल्ट्सची जनरल परीक्षा चालते, ॲडमिशनला दिलेली ॲकॅडमिक चालत नाही.

आणि पासपोर्ट! परमिट पासपोर्टच्या तारखेपुढे जात नाही. अमरावतीची माझी एक मैत्रीण बारावीत काढलेला पासपोर्ट घेऊन टोरांटोला गेली होती. तीन वर्षांच्या परमिटमधले चौदा महिनेच हातात आले, बाकीच्यासाठी पासपोर्ट नवा करून पुन्हा अर्ज, पुन्हा थांबणं. निघण्याआधी नागपूरच्या पासपोर्ट ऑफिसला एक अर्ज टाकला असता तर काम भागलं असतं. पण ॲडमिशन करून देणाऱ्या एजंटचा रस तुम्ही विमानात बसेपर्यंतच असतो. राजकमल चौकात मोठ्ठे बोर्ड असतात ना, ‘व्हिसा गॅरंटी’ वगैरे? त्यांना एकदा विचारून पाहा, ‘कोर्स संपल्यावर काम करायचं परमिट मिळतं का या कॉलेजला?’ कॅनडात मे २०२४ पासून सरकारी कॉलेजच्या नावाखाली खासगी कॉलेजात चालणाऱ्या नव्या प्रवेशांना ते मिळत नाही. उत्तरापेक्षा त्यांचा चेहरा जास्त सांगेल.

इंग्लंडवाल्यांसाठी एकच धोक्याची घंटा, आणि तीही लग्नसराईची. तिथला ग्रॅज्युएट रूट जुलै २०२१ मध्ये सुरू झाला, दोन वर्षं मिळतात. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना, पीएचडीवाले सोडून, दीडच वर्ष मिळेल असं ठरलंय. अर्ज इंग्लंडमध्ये बसूनच करायचा आणि निकाल लागेपर्यंत देश सोडायचा नाही. सोडला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. ताईचं लग्न, हळद, संगीत सगळं मान्य. पण निकाल यायचा असताना अकोल्याचं तिकीट काढलं तर ताईचं आयुष्य सुरू होईल आणि भावाचं लंडन संपेल. मुहूर्त धरण्याआधी भावाला विचारा.

आमच्याकडे दरवेळी कुणीतरी डॉ. पंजाबराव देशमुखांचं उदाहरण देतं. पापळसारख्या खेड्यातून निघून भाऊसाहेब एडिंबरा-ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले, परत आले आणि १९३२ मध्ये अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली. मग तुम्ही पोट्टे काऊन तिथेच चिकटून राहता? प्रश्न रास्त आहे, पण आजच्या पोट्ट्यामागे बँक उभी आहे. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागतं आणि शेत बहुतेक बँकांना चालत नाही, कारण वसुलीचा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. वऱ्हाडात ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे कपाशी-तुरीची जमीनच आहे. मग गहाण पडतं ते राहतं घर, नाहीतर काकांचा एन.ए. प्लॉट. तो प्लॉट रुपयांच्या पगारातून सोडवायला किती वर्षं लागतात, हे विचारणाऱ्याने एकदा करून पाहावं.

आता तुमच्याकडे वळतो, हिंजवडीत, खराडीत, बीकेसीत लॅपटॉप उघडून बसलेल्या दादा-ताईंकडे. त्या कर्जावर सह-अर्जदार म्हणून सही कुणाची आहे? आमच्या घरात आतेबहिणीची आहे. ती पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे. कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ता सुरू होतो, आणि तिकडचे नव्वद दिवस कोरडे गेले तर तो हिच्या खात्यातून जाणार, चुकला तर सिबिल स्कोअरही हिचाच पडणार. तिचं स्वतःचं होम लोन त्यामुळे अडकून पडलंय. होणाऱ्या नवऱ्याला हे कधी आणि कसं सांगायचं, यावर आमची बडनेऱ्यापर्यंतच्या अख्ख्या रेल्वे प्रवासात चर्चा झाली. तिने दोन गोष्टी केल्या. सवलतीच्या काळातलं साधं व्याज ती दरमहा भरते, म्हणजे ते मुद्दलात चढत नाही. आणि भावाच्या सगळ्या तारखा तिने स्वतःच्या फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवल्यात, ९ फेब्रुवारी, ९ जुलै, ६ ऑक्टोबर.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, घड्याळात सोळा दिवस उरलेले असताना, त्याला टेक्सासमध्ये काम लागलं. पगार सांगण्यासारखा नाही. आत्याने विचारलं, ‘मंग आता पक्कं ना रे?’ तो म्हणाला, ‘पुढच्या जुलैपर्यंत, आई. एप्रिलमध्ये दुसरा फॉर्म आहे.’