रांगेतील सायकलस्वारांची हाक

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत केज येथील आमच्या घरी पुतणे, पुतण्या, भाचरे मिळून बरीच मुले जमली होती. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सायकलींवरून धनेगावचे मांजरा धरण पाहून यावे असा बेत मुलांनी ठरविला आणि सोबतीस कोणी वडील माणूस असावे म्हणून आम्हांसही त्यात ओढले. एकंदर आठ सायकली उजाडताच निघाल्या. सर्वांत पुढे कॉलेजात शिकणारा थोरला पुतण्या, मध्ये इतर मुले, नंतर आम्ही, आमच्या मागे तेरा वर्षांचा धाकटा भाचा आणि शेवटी त्याची बहीण, अशी रांग होती. काही अंतर गेल्यावर पुतण्याने डावा हात खाली करून रस्त्यातील खड्डा दाखविला. तो इशारा एकामागून एक आमच्यापर्यंत आला. आम्ही खड्डा चुकविला. परंतु मागे हात करावयाचे विसरलो. पुढच्या मुलाशी काही बोलत होतो, एवढेच काय ते निमित्त. मागून धाडकन आवाज झाला तेव्हा भाचा रस्त्यावर पडलेला होता. त्याच्या मनगटाचे हाड मोडले होते.

संध्याकाळी हातास प्लास्टर घालून तो घरी आला, तेव्हा कुरकुर न करता तो एवढेच म्हणाला, "मामा, तुम्ही हात केला नाही, म्हणून मला वाटलं की रस्ता चांगला आहे." या वाक्याने आम्हांस जी बोचणी लागली, तिच्यातूनच प्रस्तुतचे हे लिखाण निघाले आहे. आम्ही समजत होतो की आम्ही काहीच केले नाही. वस्तुतः आम्ही त्यास खोटी बातमी दिली होती. रांगेत एकदा इशाऱ्यांची रीत चालू झाली की इशारा नसणे याचाही अर्थ होतो. आणि तो अर्थ 'पुढे भय नाही' असा असतो.

वाचकांपैकी पुष्कळांस हे इशाऱ्यांचे प्रकरण पोरखेळ वाटेल. आपल्या लहानपणी आपण शाळेत सायकलींवरून जात होतो, तेव्हा कोण हात करीत होते, असे कोणी विचारील. याचे उत्तर साध्या हिशेबाने देता येते. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. दोन सायकलींमध्ये एका सायकलीएवढे, म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर अंतर ठेवले, तर ते तुटावयास सेकंदाचा तिसरा हिस्साही लागत नाही. डोळ्यांनी पाहून ब्रेकवर बोटे आवळावयास मात्र त्याहून अधिक वेळ जातो. शिवाय मागच्याच्या नजरेपुढे रस्ता नसतोच, पुढच्याची पाठ असते. तात्पर्य, रांगेतील मागचा मनुष्य पुढच्याच्या डोळ्यांनी चालत असतो. एकट्याने जाणाऱ्यास जे नियम नकोत ते आठांस हवेत, याचे कारण हेच.

हे इशारे फार नाहीत. दहा मिनिटांत शिकता येतात. ज्या बाजूस खड्डा वा दगड असेल त्या बाजूचा हात खाली करून बोट दाखवावे. वाळू किंवा खडी पसरली असेल तर पंजा उघडून खालच्या बाजूस हालवावा. वेग कमी करावयाचा असता तळहात जमिनीकडे करून हात खालीवर करावा. थांबावयाचे असता हात सरळ वर उचलावा. डाव्या कडेस गाडी वा बैलगाडी उभी असेल, तर डावा हात पाठीमागे नेऊन उजवीकडे हालवावा, म्हणजे मागच्यास कोणत्या बाजूने वळून जावयाचे ते कळते. मात्र प्रत्येक इशारा ब्रेक दाबण्यापूर्वी झाला पाहिजे. ब्रेक दाबल्यावर केलेला इशारा म्हणजे झालेल्या अपघाताची वर्दी होय.

घरातील ज्येष्ठांस यांपैकी काही खुणा ओळखीच्या वाटतील. मोटार हाकणाऱ्यांसाठी १९८९ साली झालेल्या रस्त्याच्या नियमांत हाताच्या खुणा सांगितलेल्या होत्या; त्या नियमांची जागा पुढे २०१७ च्या नियमावलीने घेतली. मोटारचालक उजव्या अंगास बसतो, म्हणून डावीकडे वळतानाही त्यास उजवाच हात बाहेर काढून घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवावा लागे. सायकलस्वाराचे दोन्ही हात मोकळ्या हवेत असतात. त्याने डावीकडे वळताना सरळ डावा हात पसरावा.

हात नेहमीच उचलता येतो असे नाही. उतारावर, खडबडीत रस्त्यावर किंवा ब्रेक दाबलेला असताना दोन्ही हात हँडलवरच असले पाहिजेत. तेथे हाकेचे काम आहे. नव्याने शिकलेल्या मुलाने तर हात सोडण्याचा हट्ट धरूच नये, तोंडानेच सांगावे. शहरांतील सायकलमंडळे 'कार बॅक', 'स्लोइंग' असे इंग्रजी शब्द वापरतात. घरच्या मुलांस 'खड्डा', 'हळू', 'थांबा', 'मागून गाडी' हे शब्द पुरेसे आहेत. शब्द दोन-तीनच अक्षरांचे व सर्वांचे एकच असावेत. एकाने 'थांबा' म्हणावे, दुसऱ्याने 'अरे जरा बघा' म्हणावे, असे झाले की ऐकणारा अर्थ लावीत बसतो. खड्ड्याची हाक पुढून मागे जाते आणि गाडीची हाक मागून पुढे येते. दोन्ही हाका प्रत्येकाने पुढील मनुष्यास पोहोचत्या केल्या पाहिजेत. कानांत इअरफोन घातलेल्या मुलास रांगेत घेऊ नये, हे सांगणे नकोच.

आमच्या भागात एक हाक विशेष लागते. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टर धावू लागतात, आणि एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. पहिली ट्रॉली पुढे गेली की गाडी गेली असे समजून मुले पुन्हा रस्त्यावर येतात. तोच दुसरी अंगावर येते. वळणावर तर मागची ट्रॉली आतल्या बाजूस ओढली जाते. म्हणून शेवटच्या स्वाराने नुसते 'गाडी' न म्हणता 'दोन ट्रॉल्या' असे म्हणावे. शिवाय ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावलेली असली की हाक ऐकू जात नाही. तेथे पुनश्च हातच उपयोगी. एवंच हाक व हात ही दोन्ही शिकविली पाहिजेत.

एक हाक मात्र आम्ही आमच्या रांगेतून काढून टाकली आहे. चौरस्ता आला की पुढचा मनुष्य 'मोकळा आहे' असे ओरडतो आणि मागचे सर्व डोळे मिटून जातात. दहा सायकलींची रांग वर सांगितलेले अंतर ठेवून चालली, तर तिची लांबी सुमारे ३३ मीटर भरते. म्हणजे पहिल्यानंतर दहावा सहा सेकंदांनी चौकात येतो. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटार तेवढ्या वेळात १०० मीटर कापते. पहिल्यास जो रस्ता मोकळा होता, तो दहाव्यास मोकळा असेलच असे नाही. संकट सांगावे, निर्भयपणाचे आश्वासन दुसऱ्याच्या वतीने देऊ नये. चौकात प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहावे.

उलटपक्षी, प्रत्येक खड्याकरिता ओरडणेही घातकच. 'लांडगा आला' म्हणून गंमत करणाऱ्या पोराची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. ज्यामुळे चाक अडेल वा घसरेल तेवढेच सांगावे. त्याचप्रमाणे आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बगलेस कधीही नेऊ नये. दोन चाके घासली तर पुढचा बहुधा सावरतो; मागच्याचे हँडल अडकते आणि तोच पडतो.

शिस्तीने चालण्याची ही कल्पना परकी आहे असे कोणी म्हणू नये. शेगावची श्रीगजानन महाराजांची पालखी आषाढीस पंढरपूरला जाताना अंबाजोगाईहून बोरी सावरगावमार्गे कळंबकडे जाते, ती आमच्या केज तालुक्यातूनच. पताकाधारी पुढे, मागे टाळकरी, मृदंग, वीणा, असा दिंडीचा क्रम प्रत्येकास ठाऊक असतो. माउलींच्या पालखीपुढे चोपदाराने दंड उंच केला की हजारोंचा समाज स्तब्ध होतो. पुढच्याची खूण मागच्यापर्यंत पोहोचते, कारण मधला प्रत्येक जण ती आपली समजतो. नाशिकहून सायकलींवर पंढरीस जाणारे वारकरी आता दरवर्षी निघतात. त्यांची रांगही याच समजुतीवर चालते.

अपघातानंतर आमच्या तीर्थरूपांनी सर्व सायकली माळ्यावर टाकण्याचे फर्मान काढले होते. त्यांची काळजी आम्हांस समजते. पण पडले ते सायकलीमुळे नव्हे, आमच्या गाफीलपणामुळे, असे आम्ही त्यांस सांगितले. तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या: मुलांनी आधी मैदानावर इशाऱ्यांचा सराव करावा, आणि लहान मुलांच्या मागे नेहमी जाणता मनुष्य असावा. दोन्ही अटी वाजवी आहेत व इतर घरांनीही त्या घ्याव्यात अशी आमची शिफारस आहे.

प्लास्टर निघाल्यावर, डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा, भाचा पुन्हा सायकलीवर बसला. या खेपेस तो आमच्या पुढे होता आणि आम्ही रांगेच्या शेवटी होतो. रस्त्यात खड्डा येताच त्याने हात खाली केला. आमच्या मागे कोणीही नव्हते. तरी आम्हीही केला.