जाहीर आवाहन : कासवांची ‘जोडी’ घेऊ नका, घरात असेल तर कुंडात सोडू नका

कपिलधारवाडी, मांजरसुंबा, पाली, लिंबागणेश, नेकनूर परिसरातील समस्त ग्रामस्थ, यात्रेकरू, दुकानदार आणि पालकहो,

कपिलधारची कार्तिकी पौर्णिमेची यात्रा पांगली आणि तिथल्या कुंडाच्या कडेला एक स्टार कासव मेलेलं सापडलं. पाठीवरच्या पिवळ्या चांदण्यांत हळदकुंकू तसंच रुतून बसलेलं होतं. पुण्य लागावं म्हणून कुणीतरी त्याला पाण्यात सोडलं. हे कासव माळरानावरचं, गवतपाला खाणारं. त्याला पोहता येत नाही. मन्मथस्वामींच्या संजीवन समाधीपाशी मुका जीव बुडवायचा आणि वर हात जोडायचे, याची लाज वाटली पाहिजे.

या सगळ्याच्या मुळाशी ‘जोडी’चा धंदा आहे. नर-मादी एकत्र ठेवली की घरात लक्ष्मी नांदते, असं सांगून तळहाताएवढी पिल्लं विकली जातात. पिल्लाचा नर-मादी भेद वरून पाहून कुणालाच सांगता येत नाही. विकणाऱ्यालाही नाही. तो बेधडक खोटं बोलतो आणि शिकलेली माणसं पैसे मोजतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार आंध्र-कर्नाटक पट्ट्यातल्या एकाच केंद्रातून वर्षाला किमान ५५,००० स्टार कासवं रानातून उचलली जात होती, त्यातही पिल्लंच जास्त. तुमची जोडी अशीच कुठून तरी येते.

काही महिन्यांपूर्वी एका घरातून अशीच ‘जोडी’ आमच्यामार्फत वन विभागाकडे गेली. आम्ही दोन्ही कासवं अलगद उचलून खालून पाहिली. पोटाची ढाल सपाट, शेपटी आखूड, शेपटीजवळची फट रुंद. दोन्ही माद्या! एक तर कित्येक दिवस खात नव्हती, मागच्या पायांनी प्लास्टिकचा टब खरवडत होती. घरचे म्हणाले, खेळतेय. ती खेळत नव्हती, अंडी घालायला माती शोधत होती. नर नसला तरी मादी अंडी धरते, हे लक्षात घ्या. उकरायला जागा मिळाली नाही की अंडी पोटात अडकू शकतात आणि ती तडफडून मरू शकते. नर-मादी ओळखायची ती यासाठी.

वयात आलेल्या स्टार कासवांत नर लहान, मादी मोठी आणि रुंद. नराची शेपटी लांब, बुडाशी जाड, पोटाची ढाल आत दबलेली. दुकानांतल्या काचपेटीत दिसणारं लाल कानाचं परदेशी पाणकासव, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, त्याच्या नराच्या पुढच्या पायांची नखं लांबलचक असतात. मादीच्या तोंडासमोर तो ती थरथरवतो. त्याला ‘नमस्कार करतंय’ म्हणून मोबाईलवर फिरवू नका. नर मादीला सतत टोचत, चावत असेल तर दोघांना आजच वेगळं ठेवा. आणि पिल्लू नर निघणार की मादी, हे नवस ठरवत नाही, अंड्याभोवतीची ऊब ठरवते. स्लायडरमध्ये २६ अंशांच्या आसपास बहुतेक नर, ३१च्या आसपास बहुतेक माद्या.

“आम्ही देवासारखं सांभाळतो,” हे आम्ही फार ऐकलं. देव टबात ठेवत नाहीत. “उघड विकतात, म्हणजे चालत असेल,” हेही पुरे झालं. स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. पकडलं, विकलं, घरात ठेवलं तर ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. आपल्या नदी-ओढ्यांतलं मऊ पाठीचं कासवही अनुसूची १ मध्येच. वीस नखांचं कासव, गुप्तधन, पैशांचा पाऊस असलं काही कुणी सांगत आला, तर त्याच्यासाठी २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

आता कामाचं. स्टार किंवा इथलं कोणतंही कासव घरात असेल तर १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाइनवर कळवा. स्वतः बालाघाटच्या डोंगरात नेऊन सोडू नका, ते कुठल्या मुलखातलं हे तुम्हाला ठाऊक नाही आणि त्याच्या अंगचा रोग रानात पसरतो. स्लायडर कुंडात, विहिरीत, बिंदुसरेत अजिबात नको, ते इथल्या कासवांचं अन्न आणि जागा बळकावतं. कासव न्यायला माणूस येईपर्यंत टबाशेजारी किंचित ओलसर, भुसभुशीत माती द्या. मादी खात नसेल, उकरत असेल तर थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. अंडी अडकली आहेत का, ते एक्स-रेत दिसतं. तेल चोळणं, पोट दाबणं बंद.

आमची पोरं पदरचं पेट्रोल जाळून रात्री-अपरात्री साप सोडवायला जातात, आजवर कुणाकडून रुपया घेतला नाही. कासवासाठीही येतील. पुढच्या यात्रेत कुंडावर आम्ही पाळीने उभे राहणार आहोत. गावागावांतून दोन-दोन तरुण हवेत, महिला बचत गटांनीही नावं द्यावीत. दुकानदारांनी कासवांच्या पेट्या त्याआधी हलवाव्यात, नाहीतर पंचनाम्याला आम्ही साक्षीदार म्हणून उभे राहू.

आपले,
कपिलधार परिसरातील सर्पमित्र व प्राणिमित्र कार्यकर्ते