भाड्याचे घर आणि मालकाची वही

निवृत्तीनंतरच्या मिळकतीला आधार म्हणून एखादी सदनिका भाड्याने देणे ही आपल्या मध्यमवर्गात रुळलेली सोय आहे. रक्तदाब तपासून घेण्यास येणारे अनेक ज्येष्ठ स्वतःच्या प्रकृतीआधी त्या घराची प्रकृती सांगतात: छत गळते आहे, सोसायटीचे पत्र आले आहे, करार संपत आला आहे. हा विषय वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा आहे असे मला वाटत नाही. घराची देखभाल करणारे शरीर आणि त्याचा हिशेब ठेवणारी बुद्धी या दोन्हींशी माझा संबंध येतोच.

शरीरापुरते सांगायचे तर शिडी सोडा. भाडेकरू घर रिकामे करून गेला की माळा झाडणे, गच्चीवरची टाकी पाहणे, पंखे पुसणे ही कामे मालक स्वतःच उरकू पाहतो. मजुरीचे चारशे रुपये वाचवण्याचा हा हिशेब खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेच्या खर्चाशेजारी मांडून पाहावा. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे वाकून उठताना रक्तदाब एकाएकी उतरतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला बसलेला किरकोळ मारही किरकोळ मानू नये. कवटीच्या आत रक्त सावकाश साचून लक्षणे काही आठवड्यांनीही दिसू शकतात.

परंतु जमिनीवर उभे राहून करता येण्याजोगी एक पाहणी आपण अवश्य करावी, ती न्हाणीघरातील गॅस गिझरची. बंद न्हाणीघरात गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, पायांतील बळ जाते, आणि कडी काढण्याइतकीही शुद्ध राहत नाही. थंडी लागते म्हणून आधीच्या भाडेकरूने खिडकीच्या झडपांवर पुठ्ठा लावलेला असतो आणि नव्याला त्याची कल्पना नसते. असा गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्यावा, किंवा त्याऐवजी विजेचा द्यावा. विजेचा दिल्यास अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारे उपकरण वीजतंत्र्याकडून बसवून घ्यावे. भाडे आपण घेतो, तेव्हा ही जबाबदारीही आपलीच.

आता वहीविषयी, आणि हे मुख्यतः काळजीवाहू मुलासुनांसाठी. तीस वर्षे पै-पैचा हिशेब नेटका ठेवणाऱ्या गृहस्थांकडून मालमत्ता कर दोनदा भरला जातो, किंवा भरायचाच राहतो. बँकेत जमा झालेले भाडे ते भाडेकरूकडे पुन्हा मागतात. अनामत किती घेतली होती हे आठवत नाही, आणि वही दाखवली तर वहीच खोटी वाटते. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे निराळे. सरावाचा व्यवहार हातून निसटू लागणे निराळे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात पुष्कळदा पैशांच्या व्यवहारातच प्रथम दिसते, कारण त्यात लक्ष, स्मरण आणि तारतम्य तिन्ही एकदम लागतात. घरच्यांना मात्र ते भाडेकरूशी असलेले भांडण वाटते. सुस्वभावी भाडेकरू पहिल्यांदा भिडस्तपणे सांगतो, ‘काका हल्ली दोन-दोनदा विचारतात,’ तेव्हा त्याच्या बोलण्याचा राग धरू नये.

लगेच धसका घेण्याचेही कारण नाही. थायरॉइडचा विकार, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणे यांनीही असाच गोंधळ होतो आणि त्यांवर उपचार आहेत. वही घेऊनच डॉक्टरांकडे जावे. दोन वर्षांपूर्वीचे पान आणि या महिन्याचे पान शेजारी ठेवले तर बदल जितका स्पष्ट दिसतो, तितका दहा मिनिटांच्या प्रश्नोत्तरांत दिसेलच असे नाही.

कागदपत्रांची व्यवस्था मात्र बुद्धी शाबूत असतानाच करावी. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. नोंदणी नसेल आणि वाद उद्भवला, तर अटींविषयी भाडेकरू सांगेल तेच, विरुद्ध पुरावा नसल्यास, ग्राह्य धरले जाते. स्मरण डळमळीत झालेल्या मालकाने असा पुरावा कोठून आणावा? अनेकजण मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. परंतु मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी अस्थिर झाली की सर्वसाधारणपणे त्या पत्राचा अधिकारही संपतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी. म्हणून त्यावरच न विसंबता भाडे जमा होणारे खाते जोडीदारासह संयुक्त असावे, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ या प्रकारचे. आणि पुढची तजवीज वकिलांना आताच विचारून ठेवावी.

हे सारे करताना वही त्यांच्या हातातून ओढून घेऊ नये. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुक घेऊन शेजारी बसा; आकडे तुम्ही वाचा, वहीत त्यांनाच लिहू द्या.