उवा, फणी आणि जुम्याचा हिशेब

शाळा सुरू होऊन महिना झाला की हा प्रश्न येतोच. मोठ्याने कुणी विचारत नाही. पालक सभा संपते, बाकीच्या बायका निघून जातात, मग एखादी आई दुपट्टा तोंडावर धरून हळूच म्हणते, "मॅडम, पोरीच्या डोक्यात फार उवा झाल्यात, काय लावू?" यंदा मात्र एका भगिनीने चिठ्ठी पाठवून जे विचारले ते वाचून मी बाकीचा विषय बाजूला ठेवला. तिने लिहिले होते : कपाशीवर मारायचे औषध थोडे पाण्यात मिसळून केसांना लावले तर चालेल का? शेजारणीने लावले होते, तिच्या पोरीच्या उवा एका रात्रीत गेल्या.

नाही चालणार. थोडेसुद्धा नाही. उवा एका रात्रीत गेल्या असतील, पण तेच औषध पोरीच्या कातडीतूनही आत गेले. खाजवून खाजवून डोक्याला ओरखडे पडलेले असतात, तिथून तर ते जास्तच लवकर रक्तात उतरते. आपल्या पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, हे किनवटमध्ये कुणाला सांगायला नको. त्या माणसांनी औषध पिले नव्हते. ते अंगावर उडाले होते आणि श्वासातून गेले होते. मोठ्या माणसाचे असे होते, तर सात-आठ वर्षांच्या लेकराचे काय? कुणी आधीच लावून बसले असेल तर साबण लावून भरपूर पाण्याने डोके धुवा, कपडे बदला. घाम, तोंडाला लाळ, उलटी, धाप, गुंगी यातले काही दिसले तर बाटली सोबत घेऊन सरळ सरकारी दवाखाना गाठा. बाटली पाहिली की डॉक्टरांना उतारा ठरवणे सोपे जाते.

घराच्या माळ्यावर जुन्या गॅमेक्झिन पावडरीची पुडी पडलेली असते. तिच्यातल्या लिंडेनचा वापर कीटकनाशक म्हणून करायला आपल्या देशात २०१३ पासून बंदी आहे. ती काढून टाका, म्हणजे कुणाला आठवणारच नाही. रॉकेल, डिझेल, फिनेल, झुरळाचा खडू, ढेकणाचे औषध हे सगळे याच रांगेतले. रॉकेल लावलेल्या केसांनी पोरगी चुलीजवळ गेली तर पुढचे मला लिहवत नाही.

आता दुसरी बाजू. "केमिकल नको, आपले झाडपाल्याचे बरे" असे म्हणणाऱ्या दादी-नानींचा मला आदर आहे, पण झाडपाल्यातही विष असते. आपल्याकडे सीताफळ मुबलक, आणि त्याच्या बिया वाटून डोक्याला लावायची जुनी रीत. त्याने उवा मरतातही. पण ती पूड किंवा ते पाणी डोळ्यात गेले तर बुबुळ सोलवटते, भयंकर आग होते, काही दिवस उघड्या डोळ्यांनी दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना हे रुग्ण चांगले माहीत आहेत. न्हाताना लेकरू डोळे मिटून थोडेच बसते? म्हणून सीताफळाच्या बिया नकोत. खोबरेल तेलात कापूर घालतात, त्याचेही तसेच. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, आणि तेलाच्या वाटीत बोट बुडवून चाटणारी लेकरे प्रत्येक घरात असतात. सिरक्याने उवा मरत नाहीत, फक्त डोके चुरचुरते. कडुनिंबाच्या बियांच्या अर्काचा उपयोग होतो असे इजिप्तमध्ये मुलांवर केलेल्या एका अभ्यासात दिसले आहे. बाहेरून लावायला हरकत नाही, पण कडुनिंबाचे तेल तान्ह्या बाळाला पाजायचे किंवा चाटवायचे नाही.

मग राहिले काय? फणी.

फणीचे नाव काढले की बायका हसतात, इतके साधे वाटते. पण जरा हिशेब मांडून पाहा. ऊ डोक्यावर साधारण महिनाभर जगते आणि मादी रोज सहा ते आठ लिखा घालते. लीख केसाच्या मुळाशी गोंदाने चिकटवल्यासारखी असते. सात ते नऊ दिवसांत ती फुटते आणि आतून तिळाहून बारीक पिल्लू निघते. हे पिल्लू लगेच लिखा घालत नाही, त्याला वयात यायला नऊ ते बारा दिवस लागतात. सगळी गोम इथेच आहे. फणीने सगळ्या लिखा निघत नाहीत, आणि बहुतेक औषधांनीही सगळ्या मरत नाहीत. पण लिखा फुटत जातील तशी पिल्ले दर तीन-चार दिवसांनी काढत राहिलो, तर एकही ऊ लिखा घालायच्या वयाला पोचत नाही. दोन आठवडे नेटाने केले की वंश संपतो. आपण करतो काय? एकदा फणी फिरवतो, पंधरा-वीस उवा मारतो, खूष होतो आणि पुढचा महिना विसरतो.

म्हणून मी बायकांना दिवसच बांधून देते : जुमा आणि पीर. जुम्याला घरात न्हाणेधुणे असतेच. जुम्यापासून पीरपर्यंत तीन दिवस, पीरपासून जुम्यापर्यंत चार. या जुम्याला सुरू करा, पीर, जुमा, पीर, आणि त्याच्या पुढच्या जुम्याला पाचवी बैठक. चौदा दिवस झाले. पाचही बैठकींत पहिल्या दिवसासारखीच चिकाटी हवी. शेवटच्या तीन बैठकींत मोठी ऊ निघाली तर ती दुसऱ्या कुणाच्या डोक्यातून आली आहे असे समजा आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरा.

केस कोरडे असताना ऊ चपळ पळते. ओल्या केसांत ती जागीच थबकते. केस धुवा, पाणी निथळू द्या, मग कंडिशनर भरपूर लावा. किराणा दुकानातले छोटे पाऊच चालते, लांब केसांना दोन-तीन लागतील. आधी साध्या कंगव्याने गुंता काढा, म्हणजे पोरगी रडणार नाही. मग केसांचे चार भाग करून फणीचे दात कातडीला टेकवून मुळापासून टोकापर्यंत ओढा. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसा, काय निघाले ते दिसते. कानामागे आणि मानेवर जास्त वेळ द्या, उवांचे घर तिथेच असते. फणी मेडिकलमधली बारीक दातांची स्टीलची असली तर उत्तम, बाजारातली लाकडी दुहेरी फणीही चालेल, पण दात तुटलेली नको. अंगणात उन्हाकडे पाठ करून बसा. लांब दाट केसांना पाऊण तास लागतो. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असेल तर कंडिशनरऐवजी खोबरेल तेल चोपडून हेच करा. तेलानेही ऊ मंदावते.

ही बैठक घरातल्या प्रत्येकाची, एकाच दिवशी. अम्मी, दादी, आणि हो, अब्बासुद्धा. पोरीच्या उवा काढल्या आणि रात्री ती दादीच्या कुशीत त्याच गोधडीत झोपली तर मेहनत पाण्यात. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोके लागले की चालत जाते. मेहंदी काढताना, एका मोबाइलवर चार डोकी वाकतात तेव्हा, सुट्टीत नानीकडे सगळी भावंडे एका ओळीत झोपतात तेव्हा. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. म्हणून गाद्या जाळायची किंवा घरात फवारा मारायची गरज नाही. दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, दुपट्टे, स्कार्फ गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका आणि कंगवे दहा मिनिटे कढत पाण्यात ठेवा. हिजाबामुळे उवा होतात असेही कुणी सांगते. तसे नाही. मात्र एकमेकींचे स्कार्फ घालू नयेत.

फणी किती पक्की? ब्रिटनमध्ये २००५ साली एक तुलना प्रसिद्ध झाली. कंडिशनर आणि फणीने ५७ टक्के मुले बरी झाली, दुकानात मिळणाऱ्या औषधांनी १३ टक्के. तिथल्या उवा त्या औषधांना सरावल्या होत्या. पण ५७ म्हणजे १०० नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. दोनदा नीट करूनही उवा राहिल्या, डोक्यात पू झाला, कानामागे गाठी आल्या तर डॉक्टरांकडे जा. पर्मेथ्रिनचे एक टक्क्याचे औषध त्यांनी लिहून दिले तर सांगितल्याप्रमाणे लावा. ते मुलांच्या डोक्यासाठीच बनवलेले असते. शेतातल्या बाटलीशी त्याची तुलना होत नाही.

लाजेबद्दलही थोडे. डोक्यातल्या उवांनी कोणताही रोग पसरत नाही आणि स्वच्छ केसांतही त्या तितक्याच आनंदाने राहतात. ह. काब बिन उजरा (रजि.) हुदैबियाच्या वेळी, हिजरी ६ मध्ये, इहराममध्ये होते. हंड्याखाली जाळ घालत होते आणि डोक्यातून उवा तोंडावर पडत होत्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना पाहिले, त्रास होतो का असे विचारले आणि केस काढायला सांगितले. त्याबदल्यात तीन रोजे, सहा गरिबांना जेवण किंवा एका बकरीची कुर्बानी. सूरह अल्-बकराची १९६ वी आयत याच प्रसंगी उतरली. बुखारीत हे सगळे आहे. रागावणे नाही, हिणवणे नाही, आधी विचारपूस आणि मग सवलत. आमच्या पेशातल्या लोकांनी हा प्रसंग जरूर वाचावा. उवा आहेत म्हणून मुलीला वेगळ्या बाकावर बसवले की ती आठवडाभर शाळेत येत नाही, आणि मोठी मुलगी असेल तर कधी कधी परतच येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना कित्येक वर्षे सांगते आहे की उवा-लिखांमुळे कोणत्याही मुलाला शाळेबाहेर ठेवू नये. मुलीचे इच्छेविरुद्ध मुंडण करणे तर कुणीच करू नये.

आणि ही काही आजची गोष्ट नाही. इस्रायलमध्ये लाखीश इथे हस्तिदंताची एक फणी सापडली, सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची. तिच्यावर कोरलेला मजकूर कनानी लिपीतले आजवर मिळालेले सर्वांत जुने पूर्ण वाक्य आहे, आणि ते केसांतल्या व दाढीतल्या उवा जाव्यात यासाठीच आहे. आपली अरबी-उर्दू लिपी त्याच कुळातली. वर्गात अलिफ-बे शिकवताना मला हे आठवून हसू येते.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. उवा गेल्यावरही खाज आठ-पंधरा दिवस राहू शकते. ती उवांच्या लाळेची ॲलर्जी असते, तेवढ्यावरून पुन्हा औषध लावू नका, फणी फिरवून खात्री करा. मुळापासून बोटभर दूर दिसणाऱ्या पांढऱ्या लिखा रिकाम्या टरफलांसारख्या असतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यावरून त्यांचे वय काढता येते. आणि उमऱ्याला किंवा हजला निघणार असाल तर या पाच बैठकी निघण्याआधीच उरकून घ्या. इहराममध्ये फणीने केस तुटले की मसले निघत बसतात.