मच्छरदाणी कोणाची?

पावसाळा ओसरू लागला की मध्य भारतातील अरण्यप्रदेशात हिवतापाचे दिवस भरात येतात. गडचिरोलीपासून बस्तरमार्गे ओडिशातील कोरापूट, मलकानगिरीपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात डोंगरउतारावरचे झरे, भातखाचरे आणि झाडीत विखुरलेली वस्ती एकमेकांना लागून असतात. डासांना याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. थंडी वाजून ताप येणे येथे इतके नित्याचे की, तापकरी माणूस दोन दिवस अंथरुणावर पडतो आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागतो. कोणी फारशी विचारपूसही करीत नाही. परंतु हाच ताप घरातील गरोदर स्त्रीला येतो, तेव्हा एक नव्हे, दोन जीव पणाला लागलेले असतात.

हिवताप कसा पसरतो हे कोडे भारतातच सुटले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना ॲनोफिलीस जातीच्या डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी आढळले. दूषित हवेने ताप येतो, ही जुनी समजूत त्यानंतर टिकली नाही. रोग वाहून नेणारी डासाची मादी मुख्यत्वे रात्री चावते, हे कळल्यावर निजलेल्या माणसाभोवती जाळीचा पडदा लावावा, हा उपाय ओघानेच सुचला. एवढ्या साध्या उपायाबद्दल शंभराहून अधिक वर्षांनंतरही लिहावे लागावे, यातच काहीतरी चुकल्याची खूण आहे.

गरोदर स्त्री डासांना अधिक आकृष्ट करते, हे आता केवळ अनुमान राहिलेले नाही. आफ्रिकेतील गांबिया या देशात झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरोदर स्त्रियांकडे इतर स्त्रियांच्या मानाने सुमारे दुप्पट डास आल्याचे दिसून आले. दिवस भरत आलेल्या स्त्रीचा श्वास वाढलेला असतो; त्या अभ्यासात तो २१ टक्क्यांनी अधिक भरला. तिच्या पोटावरची त्वचाही किंचित उष्ण असते. श्वासातील वायू आणि अंगाची ऊब यांच्याच मागाने डास माणसापर्यंत पोहोचतो. तेथील डासांची जात भारतातील जातींहून वेगळी आहे, हे खरे; परंतु श्वास आणि ऊब हे देहाचे धर्म देशोदेशी बदलत नाहीत.

चावल्यानंतर जे घडते ते अधिक गंभीर आहे. फाल्सिपेरम या घातक जातीच्या परजीवींनी ग्रासलेल्या रक्तपेशी गर्भवतीच्या शरीरात वारेत जाऊन चिकटतात. त्यामुळे बोटातून काढलेल्या रक्तात परजीवी थोडेच दिसतात, कित्येकदा दिसतही नाहीत, आणि इकडे वारेतून गर्भाला मिळणारे पोषण मात्र घटत जाते. मूल कमी वजनाचे जन्मते, दिवस पुरे होण्याआधी जन्मते, क्वचित मृत जन्मते. मातेच्या अंगातले रक्त तापागणिक कमी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले आहे. अशा स्त्रीला हिवतापाने गाठले, तर प्रसूतीच्या वेळचा थोडासा रक्तस्रावही तिला झेपत नाही.

औषधे आहेत, पण गर्भवतीच्या बाबतीत वैद्याचे हात काहीसे बांधलेले असतात. हिवतापाच्या दुसऱ्या एका जातीचे परजीवी यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांचा समूळ नाश करणारे प्रायमाक्विन हे औषध गरोदरपणात देता येत नाही. म्हणजे इतर माणूस ज्या तापातून पूर्ण सुटतो, त्यातून तिची सुटका बाळंतपणापर्यंत तरी लांबणीवर पडते. जिथे उपचाराची वाट अरुंद, तिथे आजार होऊच न देणे अधिक मोलाचे ठरते. आफ्रिकेतील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता, कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाणीमुळे पहिल्या काही गरोदरपणांत कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी, तर गर्भपात व मृतजन्म यांचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे दिसले. जाळीच्या एका कापडाने एवढे साधावे, ही लहान गोष्ट नव्हे.

पूर्वी मच्छरदाण्या ठरावीक महिन्यांनी औषधाच्या द्रावणात बुडवाव्या लागत. गावात पथक आले, तेव्हा घर बंद असले की तो हंगाम तसाच जाई. धाग्यातच औषध मुरवलेल्या दीर्घकाळ टिकणाऱ्या मच्छरदाण्या आल्यावर ही अडचण दूर झाली. जाळीवर बसणारा डास मरतो, त्यामुळे शेजारच्या अंथरुणावरच्या माणसालाही थोडाफार लाभ होतो. साधारण वीस धुण्यांपर्यंत आणि तीन वर्षांपर्यंत त्यांचा गुण टिकतो. अट इतकीच की, त्या आपटून धुऊ नयेत आणि सावलीत वाळवाव्यात.

ओडिशा राज्याने २०१०च्या सुमारास गरोदर स्त्रिया आणि आदिवासी वसतिगृहांतील विद्यार्थी यांच्यासाठी अशा मच्छरदाण्या मोफत देण्याची योजना आखली. तिचे नाव ‘मो मशारी’, म्हणजे ‘माझी मच्छरदाणी’. पुढे २०१७ साली त्या राज्यात सुमारे एक कोटी दहा लाख मच्छरदाण्या वाटल्या गेल्या. दुर्गम वस्त्यांत जाऊन तपासणी आणि उपचार करण्याचे शिबिरांचे कामही त्याच सुमारास जोमाने झाले. २०१६ साली तेथे हिवतापाचे चार लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. २०१९ साली ही संख्या चाळीस हजारांच्या आसपास आली. या यशाचे श्रेय एकट्या मच्छरदाणीला देता येणार नाही, तथापि तिचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही.

मात्र योजनेच्या नावातील ‘माझी’ हा शब्द थांबून विचार करण्याजोगा आहे. वाटपाची नोंद होते ती नगांची. अमुक गावात अमुक मच्छरदाण्या पोहोचल्या, हे नोंदवहीत लिहिता येते. त्या मच्छरदाणीत रात्री कोण निजले, हे तिथे लिहिलेले नसते. आणि खरा प्रश्न नेमका तोच आहे. एका खोलीच्या घरात एक किंवा दोन मच्छरदाण्या येतात. पहिला मान घरातील ज्येष्ठाचा किंवा कमावत्या पुरुषाचा, दुसरा लहान मुलांचा. सून सर्वांत शेवटी निजते. भांडी उरकून, चूल विझवून ती अंथरुणाला टेकते तोवर संध्याकाळपासूनचे कित्येक डास तिला चावून गेलेले असतात. तिची जागा बहुधा चुलीजवळ, जमिनीवर. तिथे दोऱ्या बांधायला चार खुंट्या नसतात आणि चटईखाली जाळीची कड नीट खोचताही येत नाही. पहाटे पाण्यासाठी सर्वांच्या आधी उठते तीही तीच. अशा स्त्रीला ‘तुम्ही मच्छरदाणी वापरता का?’ असे विचारले, तर घरात मच्छरदाणी आहे म्हणून ती ‘होय’ म्हणते, आणि तिचे ते उत्तर पूर्णपणे खोटेही नसते.

या परिस्थितीला ‘अज्ञान’ असे नाव देऊन मोकळे होण्याची सवय सुशिक्षितांना आहे. जाळीत उकडते, गुदमरल्यासारखे होते, उन्हाळ्यात तर सारे घर अंगणात निजते. ही कारणे ऐकून घेण्याऐवजी त्यांवर उपदेश केला जातो. वास्तविक ही कारणे खरीच आहेत. ज्यांच्या डोक्यावर पंखा फिरतो, त्यांनी पत्र्याच्या छपराखालच्या माणसाला उकाड्याविषयी शिकवू नये. अंगणात बाजेच्या चार पायांना चार काठ्या बांधून जाळी लावता येते, हे एखाद्या आशा कार्यकर्तीने स्वतः बांधून दाखवले, तर ते दहा भित्तिपत्रकांहून अधिक उपयोगी पडेल. औषधाच्या वासाने पोटातल्या बाळाला इजा होईल, ही भीती मात्र निराधार आहे, आणि ती बोलून दूर करता येण्यासारखी आहे.

फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत कळत नाही, थोडे तरी पैसे घ्यावेत, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. २००७ साली पश्चिम केनियातील गरोदर स्त्रियांच्या तपासणी केंद्रांत हे म्हणणे कसोटीला लावण्यात आले. मच्छरदाणी मोफत दिली तेव्हा ती जवळजवळ प्रत्येकीने घेतली. अमेरिकी साठ सेंट एवढी किंमत लावताच शंभरातल्या सुमारे साठ जणी मागे फिरल्या. मोफत घेणाऱ्यांनी ती पैसे देणाऱ्यांपेक्षा कमी वापरली, असेही आढळले नाही. जिच्या हाती स्वतःचे चार पैसे नसतात, तिच्याकडे किंमत मागणे म्हणजे निर्णय पुन्हा नवऱ्याच्या किंवा सासूच्या हाती सोपवणे होय.

म्हणूनच मच्छरदाणी घराला देणे पुरेसे नाही. गरोदरपणाची पहिली नोंद होते त्याच दिवशी ती त्या स्त्रीच्या हाती, तिच्या नावाने दिली जावी. घरात आधीच एक आहे, या सबबीवर नाकारली जाऊ नये. आणि देताना सासूला व नवऱ्याला समोर बसवून, ती कोणासाठी आहे हे स्पष्ट शब्दांत सांगितले जावे. नातवंडाचे वजन चांगले भरावे, असे वाटत नाही अशी सासू विरळाच. नोंदणी मात्र लवकर व्हायला हवी. पहिले तीन महिने गरोदरपण लपवून ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, आणि डास त्या तीन महिन्यांची सवलत देत नाही.

गांबियातील त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली होती. गरोदर स्त्रिया रात्री लघवीसाठी इतर स्त्रियांच्या दुप्पट वेळा मच्छरदाणीबाहेर येत होत्या. ज्या घराला शौचालय नाही, तिथे हे बाहेर येणे म्हणजे अंधारात झाडीपर्यंत जाऊन येणे. जाळीबाहेरचा तो वेळ कोणत्याच हिशेबात धरला जात नाही. घराशेजारचे शौचालय हेदेखील हिवतापाविरुद्धचे साधन आहे, हे आरोग्य खात्याने आणि ग्रामपंचायतीने एकत्र बसून एकदा मान्य करायला हवे.

शिवाय महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि वारेतील हिवतापाचा उपद्रव सर्वाधिक होतो तो पहिलटकरणीलाच. सातव्या-आठव्या महिन्यात ती माहेरी निघते, तेव्हा तिच्या पिशवीत लोहाच्या गोळ्या असतात, लसींची नोंद असलेले कार्ड असते. मच्छरदाणी मात्र बहुधा सासरच्या खोलीत खुंट्यांना बांधलेलीच राहते.