नटाची पारख

मधल्या सुटींत दोन विद्यार्थ्यांस एका गोष्टीवरून हमरीतुमरीवर आलेले आम्हीं नुकतेंच पाहिलें. एकाचा आवडता नट पन्नास गुंडांस लोळवितो, तर दुसऱ्याचा कड्यावरून उडी घेतो. येवढेंच काय तें वादाचें कारण! चित्रपट पाहूंच नयेत, असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. परंतु नटाची पारख अशा मापानें होऊं नये, असें आमचें नम्र मत आहे.

इ. स. १९३६ मध्यें प्रभात कंपनीनें ‘संत तुकाराम’ हा बोलपट काढिला. त्यांतील तुकोबा, विष्णुपंत पागनीस, हे पूर्वीं रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. तथापि येथें नाटकी हावभावांचा लेशही नाहीं. लेकरांच्या भुकेपायीं विठोबावर रागावणारी जिजाई पाहिली म्हणजे भक्ति आणि भाकर यांचा झगडा मनास भिडतो. इ. स. २००४ च्या ‘श्वास’मध्यें, डोळे जाणार हें नातवास कसें सांगावें, या विवंचनेंतील आजोबा अरुण नलावडे यांनीं उभा केला. त्यांत मारामारी नाहीं; तरी राष्ट्रीय सुवर्णकमळ त्यास लाभलें.

विद्यार्थीमित्रहो, नट किती गर्जला हें मोजूं नका. घरीं परततांना कोणाचें दुःख तुमच्यासवें आलें, तें पाहा. आणि आम्हां शिक्षकांचें काय? आम्हीं आजवर दोष दाखविले, परंतु मुलांशेजारीं बसून एकही चित्रपट पाहिला नाहीं. ही चूक आमची. ती आम्हींच सुधारिली पाहिजे.